असईचा डायोरामा: निपचित पडलेले गोलंदाज उठतात तो क्षण

गाळपेर (धागाकर्ता)

२३ सप्टेंबर १८०३ची असईची लढाई डायोरामा म्हणून, म्हणजे छोट्या आकृत्यांच्या देखाव्यात, १/७२ स्केलमध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) उभी करतो आहे. अख्खी लढाई नाही, तिच्यातली फार तर दोन मिनिटं. कोणती, ते आधी सांगतो. मग जमीन, आकृत्या, तोफा, धूर यांवर तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे.

ज्यांना ही लढाई फक्त नावाने ठाऊक आहे त्यांच्यासाठी: केळणा आणि जुई या दोन नद्या भोकरदनच्या पूर्वेला एकमेकींकडे सरकतात आणि मध्ये जमिनीची एक निमुळती जीभ राहते. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज केळणेच्या उत्तर काठावर होती. शिंद्यांच्या कवायती कंपूंची, म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणींच्या दलांची, सूत्रं पोलमन या हॅनोव्हेरियन (जर्मन) अधिकाऱ्याकडे. पायदळ दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास, घोडदळ वेगळं. आर्थर वेलस्लीकडे सगळे मिळून सात हजारांच्या आतबाहेर. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क करून तो पूर्वेकडून नदी उतरला आणि शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला. पोलमनने एवढं मोठं पायदळ काटकोनात फिरवून पूर्वेकडे तोंड केलं: उजवं टोक केळणेवर, डावं टोक असई गावाच्या मातीच्या भिंतींशी. तोफांच्या माऱ्याखाली, तेही इतक्या कमी वेळात. कवायत किती पक्की असेल याचा यावरून अंदाज येतो.

आता तो क्षण. वेलस्लीच्या डाव्या टोकाला, केळणेच्या बाजूला, ७८वी हायलँडर पलटण होती. ती आणि शेजारच्या मद्रासी पलटणी तोफांच्या रांगेवर चालून गेल्या. गोलंदाज, म्हणजे तोफा चालवणारे, तोफा सोडून हलले नाहीत, तिथेच संगिनींनी मारले गेले. पलटणी तोफा ओलांडून मागच्या पायदळाकडे गेल्या. आणि मग तोफांखाली निपचित पडलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्या पलटणींच्या पाठीवर मारा सुरू केला. ७८व्या पलटणीला परत फिरावं लागलं, वेलस्ली स्वतः ७वं मद्रासी घोडदळ घेऊन त्या तोफांवर आला, आणि त्यातच त्याच्या घोड्याला भाल्याची जखम झाली.

मला ते उठणं दाखवायचं आहे. असईची जी चित्रं मी पाहिली ती जवळजवळ सगळी पूर्वेकडून, चालून जाणाऱ्यांच्या बाजूने काढलेली आहेत. तोफेपाशी उभं राहून ही लढाई कशी दिसली असेल, ते कुणीतरी करायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

पाट ९० × ६० सेंटिमीटरचा. सुचवा, हरकती घ्या.

---

सुतारपक्षी

क्षण उत्तम निवडला आहे. तरी एक बाजू मांडतो. असईचं खरं नाट्य भूगोलात आहे. दोन नद्या, उतार, पोलमनचं वळण, उजवीकडे असईच्या तोफांसमोर ७४व्या पलटणीचा झालेला संहार. हे सगळं एका नजरेत आलं तरच बघणाऱ्याला लढाई कळते. ६ मिलिमीटरच्या आकृत्या घेऊन पूर्ण रणभूमी का करत नाही?

यातला मोठा दाखला विल्यम सायबॉर्नचा. १८३०मध्ये त्याच्याकडे वॉटर्लूच्या प्रतिकृतीचं काम आलं. हा गडी आठ महिने वॉटर्लूच्या रणभूमीवरच्या ला ए सँतच्या वाडीत मुक्काम ठोकून जमीन मोजत होता. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक कोणतं होतं. त्यातून ७०,०००हून जास्त आकृत्यांची प्रतिकृती उभी राहिली, १८३८मध्ये लंडनमध्ये लोकांपुढे आली आणि आज तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. प्रशियन सैन्य किती आणि कुठे दाखवायचं यावरून वेलिंग्टनच्या गोटाशी त्याचं बिनसलं, तेही प्रसिद्ध आहे. आणि हा वेलिंग्टन म्हणजे तुमच्या असईचाच वेलस्ली.

---

गाळपेर

सायबॉर्नचा प्रश्न, "पीक कोणतं होतं?", मी कामाच्या जागी लिहूनच ठेवला आहे. पण त्यानेसुद्धा संध्याकाळी सातचा एकच क्षण धरला होता, हेही बघा.

आकडेमोड मांडतो म्हणजे माझी निवड कळेल. दोन नद्यांमधली आघाडी साधारण दीड किलोमीटर. १/७२ला ती जवळपास २१ मीटर होते. ६ मिलिमीटरच्या आकृत्या, म्हणजे अंदाजे १/३००, घेतल्या तरी पाच मीटर. घरात हे मावत नाही, म्हणून लोक जमीन आवळतात: आकृती एका स्केलची, अंतरं दुसऱ्या. नकाशा समजावण्यासाठी ते योग्यच आहे. पण तसं केलं की तोफ आणि पलटण यांच्यातलं अंतर खोटं होतं, आणि माझा सगळा प्रसंग त्या अंतरावरच उभा आहे. पाठ फिरवून पुढे गेलेला सैनिक किती लांब गेला आहे हे दिसल्याशिवाय उठणाऱ्या गोलंदाजाचं धाडस दिसत नाही.

१/७२ला ९० × ६० म्हणजे ६५ मीटर × ४३ मीटर जमीन. त्यात तीन तोफा, पडलेली माणसं, उठणारी सात-आठ माणसं, आणि पश्चिमेच्या कडेला ७८व्या पलटणीच्या पाठी. पुरेसं आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. त्या काळी दोन रांगांच्या फळीत एका माणसाला साधारण ५६ सेंटिमीटर रुंदी मिळे, म्हणजे स्केलला पावणेआठ मिलिमीटर. आकृत्यांची कोपरं धरून रुंदी दहाच्या पुढे जाते. खांद्याला खांदा लावून त्या उभ्याच राहत नाहीत.

---

चिमटा आणि भिंग

पाठमोरी फळी असेल तर सोपं आहे. बैठकीचे प्लास्टिकचे तुकडे पूर्ण कापून टाका, पायात तारेची पिन घाला आणि एक आड एक आकृती दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे रोवा. कोपरं एकमेकांच्या मागे जातात आणि समोरून फळी अखंड दिसते. शिवाय चालून गेलेली, तोफा ओलांडून आलेली फळी कवायतीच्या मैदानावरच्यासारखी सरळ नसतेच. मध्येच एखादी जागा रिकामी सोडा. तिथला माणूस मागे पडला आहे हे बघणारा स्वतःच ओळखतो.

---

मैना_के

मी जमिनीची माणूस, तेव्हा जमिनीबद्दल जरा लांबण लावते.

तो भाग काळ्या मातीचा. सप्टेंबरचा शेवट, पाऊस सरत आलेला. ही माती सुकली की भेगाळते आणि ओली असली की चाकाला थापून बसते. वर हजारो पाय, बैल आणि तोफा गेलेल्या. म्हणजे हिरवळ अखंड नको. काठाकाठाने गवत, मधला पट्टा तुडवलेला.

पाया एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिनचा घ्या, पांढऱ्या थर्मोकोलचा नको. कापताना त्याचे दाणे सुटतात आणि कड धरत नाही. आकार दिल्यावर संपूर्ण फोमवर पांढरा गोंद आणि बारीक फिलरचा लेप द्या. हे टाळू नका, कारण स्प्रे प्रायमरमधलं सॉल्व्हंट उघडा फोम खाऊन टाकतं. वर गोंद, फिलर आणि काळपट तपकिरी ॲक्रिलिक रंगाचा चिखल करून दोन-तीन मिलिमीटर थापा.

खरी माती वापरायची असेल तर ओव्हनमध्ये नीट तापवून, मग तलम कापडातून चाळून घ्या. १/७२ला एक मिलिमीटरचा खडा म्हणजे सात सेंटिमीटरचा दगड. हाताने चाळलेली माती टाकली की शेताची खडी होते, आणि फोटोत ते लगेच उघडं पडतं.

रंग थेट काळा कधीच नको. गडद तपकिरीत किंचित राखाडी, त्यावर फिकट राखाडी-तपकिरीचा अगदी हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात), फक्त उंचवट्यांवर. ओलेपणासाठी चकचकीत वार्निश, तेही चाकोरीत आणि पाऊल रुतलेल्या खळग्यातच. सगळीकडे लावलं तर माती प्लास्टिकची दिसते.

आणि आता मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तुमच्या तोफा फिरवलेल्या आहेत ना? मग त्या फिरवल्याची खूण मातीत हवी. तोफ पूर्वेकडे रोखलेली होती, ती पश्चिमेकडे वळवताना गाड्याचं शेपूट अर्धवर्तुळ ओढत गेलं असणार, चाकं जागेवरच पिळली असणार. चिखल ओला असतानाच ते अर्धवर्तुळ उमटवा. तोंडावरचे हावभाव १/७२मध्ये कुणाला दिसणार नाहीत, ही खूण दिसेल.

---

गाळपेर

मैनाताई, ते अर्धवर्तुळ माझ्या डोक्यात आलंच नव्हतं आणि आता त्याच्याशिवाय हा डायोरामा मला दिसत नाही. तिन्ही तोफांना वेगवेगळं करतो: एक पूर्ण वळलेली आणि डागलेली, एक अर्ध्यावर, एक अजून पूर्वेकडेच तोंड करून, तिच्याखालून माणूस बाहेर येतो आहे. म्हणजे एकाच पाटावर कृतीचे तीन टप्पे.

---

बत्तीवाला

तीन टप्पे ही कल्पना पक्की धरा. त्याला तोफखान्याच्या कामाची जोड देतो.

तोफ चालवणं ही एकट्याची गोष्ट नसते. तोंडाशी पोचारा (नळी पुसायचा ओला बोळा) आणि ठासणीचा गज घेतलेला माणूस, दारूची थैली आणि गोळा आणणारा, मागे काना (बत्ती द्यायचं भोक) अंगठ्याने दाबून धरणारा, त्यात रंजक (पेटवायची दारू) घालणारा, बत्ती देणारा, आणि शेपटाशी टेकू घेऊन तोफ वळवणारे. ठासताना काना बंद ठेवावाच लागतो. आत हवा गेली तर मागच्या बाराची धुमसती चिंधी पेटून नवी दारू भडकू शकते. तुमच्या प्रसंगात अर्ध्याहून जास्त माणसं मेलेली आहेत. तेव्हा प्रत्येक तोफेवर तीन किंवा चारच माणसं ठेवा आणि एकेकाला दोन कामं करताना दाखवा. गज घेतलेलाच माणूस शेपटाला खांदा लावतो आहे. बत्तीवाला एका हाताने काना दाबतो आहे आणि बत्ती दुसऱ्या हातात, लांब धरलेली. माणसं कमी पडली आहेत हे बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

धूर. काळ्या दारूचा धूर पांढरा आणि दाट. कापूस लावू नका, तो गोळ्या धरतो. उशीतलं पॉलिस्टर पिंजून घ्या, हेअर स्प्रेने धरून ठेवा. तोंडाशी घट्ट, पुढे विरळ. आणि बहुतेक लोक विसरतात ते: डागताना कान्यातूनही धुराची बारीक उभी रेघ उडते. वारा एकच ठरवा आणि पाटावरचा प्रत्येक धूर, प्रत्येक झेंडा त्याच वाऱ्यात वळवा.

माप: युरोपीय धर्तीच्या मैदानी तोफेचं चाक सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे १/७२ला साडेसतरा मिलिमीटर. संचातली चाकं मोजून घ्या, पुष्कळदा लहान निघतात. शिंद्यांच्या तोफा, त्यांचे कंपू उभे करणाऱ्या द बॉइनच्या काळापासून, सँगस्टर नावाच्या स्कॉटिश ओतकाराच्या देखरेखीखाली ओतल्या जात होत्या. ही दर्जेदार पितळी-काशाची तोफ आहे, गंजका लोखंडी नळा नाही. काशाला गडद तपकिरी झाक द्या. सोनेरी चमक फक्त तोंडाच्या कडेला आणि हात लागून घासल्या गेलेल्या जागी.

---

उत्तरायण

माझी हरकत वेगळी आहे, आणि ती राग न धरता वाचावी. मेल्याचं सोंग घेऊन मागून मारा करणं हा प्रसंग निवडून आपणच आपल्या माणसांना कपटी दाखवत नाही ना? इंग्रजी वृत्तांतांत या घटनेचा सूर तसाच असतो.

---

गाळपेर

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. हे लोक आधी पळाले नव्हते. संगिनी अंगावर येईपर्यंत ते तोफांपाशी होते, आणि हे विरोधी बाजूच्याच लोकांनी लिहून ठेवलं आहे. पलटण पुढे निघून गेल्यावर जीव वाचवायचा असता तर केळणेचा काठ जवळ होता. ते उठले आणि परत तोफेला भिडले. संगिनीने भोसकलेल्या सोबत्यांच्या मध्ये उभं राहून, पुन्हा मारले जाणार हे कळत असताना. याला कपट म्हणणं मला जमत नाही.

त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता असा हिशोब आहे. सात हजारांच्या फौजेत दीड हजारांवर माणसं तोफांनीच मुख्यतः घेतली. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, पण त्या फुकट दिलेल्या नाहीत. या गोलंदाजांची नावं कुणी नोंदवली नाहीत. निदान त्यांचं काम नीट दिसावं, एवढंच मी करू शकतो.

---

उत्तरायण

पटलं. मग एक विनंती: उठणाऱ्यांच्या माना खाली ठेवू नका. लपूनछपून नाही, कामाला लागलेली माणसं दिसू द्या.

---

चिमटा आणि भिंग

त्या पोझच्या आकृत्या तयार मिळणं कठीण, जोडूनच कराव्या लागतील. गुडघा टेकून नेम धरणाऱ्या शिपायाचा खालचा भाग आणि गज चालवणाऱ्या गोलंदाजाचा वरचा भाग. कमरेला बारीक करवतीने कापा, पितळी तारेची पिन घाला, मग कमरेचा पीळ इपॉक्सी पुटीने भरा. आडवा पडलेला माणूस हाताच्या आधाराने उठतो तेव्हा एक खांदा वर, दुसरा खाली, आणि डोकं जिथे जायचं त्या दिशेला वळलेलं असतं. खांदे समतल राहिले तर तो व्यायाम करतो आहे असं दिसेल. आरशासमोर जमिनीवर पडून उठून बघा आणि फोटो काढा, पुस्तकातल्या चित्रांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

रंगांबद्दल: इथे दोन्ही बाजूंना लाल कोट आहेत. शिंद्यांच्या तेलंगा (कवायती पायदळाच्या) पलटणीही लाल कोटातच असत. ओळख पटायची तर पट्टे बघा, कंपूवाल्यांचे काळ्या चामड्याचे, समोरच्यांचे छातीवर आडवे पांढरे. पाठमोऱ्या फळीवर ती पांढरी फुली उठून दिसेल आणि तुमचं काम होईल. शिवाय दोन लाल वेगळे ठेवा. एक किंचित विटकरी, दुसरा थंड. उन्हापावसात महिनोन्महिने वापरलेला कोट डब्यातल्या लाल रंगाचा राहत नाही.

---

मैना_के

आणि बैल? वेलस्लीच्या तोफा बैल ओढत होते, ते माऱ्यात मेले आणि तोफा मागेच राहिल्या, म्हणून पायदळाला तोफांच्या आधाराशिवाय पुढे जावं लागलं. पूर्वेच्या कडेला एक मेलेली जोडी आणि अडकलेला गाडा दाखवला तर हे कारण पाटावर येईल. या सैन्याच्या ओढकामात म्हैसूरची अमृतमहाल जात नावाजलेली होती: करडा रंग, लांब, मागे झुकलेली टोकदार शिंगं, वशिंड. युरोपीय संचातले बैल बिनवशिंडाचे असतात. पुटीने वशिंड चढवा आणि शिंगं तारेची करा.

---

गाळपेर

बैलांची जोडी येणारच. माझ्या ४३ मीटरच्या खोलीत ती थोडी जवळ वाटेल, म्हणून पूर्वेच्या अगदी कडेला, पाटाबाहेर अर्धी कापलेली दाखवतो. कडेवर कापलेली गोष्ट दिसली की पुढेही रणभूमी आहे हे आपोआप समजतं.

---

राऊळवाट

धागा पहिल्यापासून वाचते आहे. पानिपत का नाही, हा प्रश्न मनात होता. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचंही असंच काही करता आलं असतं.

---

गाळपेर

करायचं आहेच कधीतरी. पण १४ जानेवारी १७६१ची ती जमीन कोरडी, सपाट, धुळीची. तिथे धुळीचा डायोरामा करावा लागेल आणि धूळ १/७२मध्ये पटेल अशी करणं हे धुरापेक्षा फार अवघड आहे. असईला ओली माती, नदी आणि गाव मिळतं. हात आधी यावर बसू दे.

---

राऊळवाट

रक्ताचं काय ठरवलंय? बारा वर्षांचा मुलगाही सोबत बघतो, म्हणून विचारते.

---

गाळपेर

चकचकीत लाल कुठेही नाही. रक्त काळ्या मातीत पडलं की काही वेळात मातीपेक्षा थोडा गडद डागच उरतो. तेवढाच ठेवणार. मेलेल्यांना मात्र कमी करणार नाही. उठणाऱ्या प्रत्येकामागे तीन-चार न उठलेले दिसायलाच हवेत, नाहीतर प्रसंगाचा अर्थच जातो. आणि ते नीट रंगवणार, पट्ट्यांपासून पगडीच्या पिळापर्यंत. जमिनीवरच्या आकृत्या उरकून टाकायची सवय अनेक कामांत दिसते. मला ती खटकते.

---

बत्तीवाला

उजेड ठरवलात का? २३ सप्टेंबर म्हणजे विषुवदिन. मुख्य हल्ला दुपारी तीननंतरचा. चारच्या सुमाराला सूर्य पश्चिमेला, जरासा दक्षिणेकडे, क्षितिजापासून तिसाच्या आसपास अंशांवर. तुमची फळी आणि वळवलेल्या तोफा दोन्हींची तोंडं पश्चिमेलाच. म्हणजे सगळ्यांच्या सावल्या मागे, पूर्वेला पडतात. वरून सरळ पांढरा एलईडी लावलात तर ही सगळी मेहनत सपाट होईल.

---

गाळपेर

मग दिवा पश्चिमेच्या कडेला, डाव्या हाताला किंचित ओढून, पिवळसर. आणि बघणारा पूर्वेच्या बाजूला, बैलांच्या मागे उभा राहील: आधी बैल, मग तोफा आणि उठणारी माणसं, आणि टोकाला पांढऱ्या फुल्यांच्या पाठी. काच त्याच बाजूने उघडी ठेवतो, बाकी तिन्ही कडांना चौकट.

फोम कापून झाला आहे, लेप वाळतो आहे. पहिल्या दोन गोलंदाजांच्या कमरा कापल्या आहेत. चिमटा आणि भिंग, पिनेसाठी तार ०.३ मिलिमीटरची घेऊ की ०.५?

---

चिमटा आणि भिंग

०.५. ०.३ची पुटी दाबताना वाकते. भोक आधी सुईने खुणावून घ्या, ड्रिल हातानेच फिरवा आणि वरचा अर्धा भाग पक्का चिकटवण्याआधी तोफेच्या शेपटाशी धरून बघा. हात तिथपर्यंत पोचला पाहिजे.